हिंगोलीच्या छावणींतील शिलेदारी

मराठी वाचकांस शिलेदार आणि बारगीर हे दोन शब्द बखरींमुळें व ऐतिहासिक कादंबऱ्यांमुळें चांगले परिचित आहेत. शिलेदार म्हटला म्हणजे भाला पेललेला, मिशांना पीळ भरलेला स्वार डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु शिलेदारी हा जेवढा शौर्याचा प्रकार होता तेवढाच तो एक धंदाहि होता, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. शिलेदार सरकारला केवळ आपलें मनगट विकीत नसे. घोडा, खोगीर, तरवार, चंदी, गवत आणि चाकर हें सारें तो स्वतःच्या भांडवलावर उभें करी व महिन्याच्या ठराविक मोबदल्यानें सरकारला पुरवी. घोडा मेला तर त्याच्या जागीं दुसरा घोडा आणून उभा करण्याची जोखीमहि त्याच्याच शिरावर असे. या दृष्टीनें पाहिलें म्हणजे शिलेदार हा जितका सरकारचा नोकर, तितकाच सरकारशीं व्यवहार करणारा एक लहानसा पुरवठेदार ठरतो.

हा व्यवहार तपासून पाहण्यास हिंगोलीची छावणी फार उपयोगी पडते. कयाधू नदीच्या कांठचें हें गांव १९९९ सालीं परभणींतून वेगळ्या केलेल्या हिंगोली जिल्ह्याचें मुख्य ठिकाण आहे. एकोणिसाव्या शतकांत तें निजामाच्या राज्यांत होतें. निजामाच्या खर्चानें पोसलेलें, परंतु इंग्रज अंमलदारांच्या हुकमतींत असलेलें जें सैन्य इतिहासांत ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या नांवानें ओळखलें जातें, त्याची छावणी १९०३ पर्यंत येथें होती. पेशवाई बुडाल्यावर मराठ्यांच्या मुलखांतील जुनी शिलेदारी बहुतेक मोडली. पण या सैन्याच्या घोडदळांत ती आपल्या जुन्या शब्दांसह पुढें जवळजवळ शंभर वर्षें नांदली. ती कशी चालली, तिचा तोटा कोणीं सोसला आणि शेवटीं ती कां मोडली, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

प्रथम तिच्या पूर्वपीठिकेकडे वळूं. शिवाजी महाराजांनीं घोडदळाचा मुख्य भर पागेवर ठेविला होता, हें सभासदाच्या बखरीवरून स्पष्ट दिसतें. पागेंतला घोडा सरकारी, आणि त्यावरचा बारगीर केवळ पगारी चाकर. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद, अशी ती बांधणी होती. शिलेदार ठेवीत, पण त्यांना पागेच्या आज्ञेंत ठेवीत. आमच्या मतें याचें कारण शोधावयास फार दूर जावयास नको. ज्याचा घोडा स्वतःच्या पैशाचा, तो ऐन गर्दींतहि घोड्याचा जीव जपणार. कारण घोडा पडला कीं त्याचें घर बसतें. बारगिराला ती चिंता नाहीं. मात्र पागा बाळगावयाची म्हणजे घोड्याची किंमत, दाणागोटा, तबेला आणि बदली घोडा यांचा सगळा भार सरकारनें उचलावयाचा. पेशवाईंत राज्य पसरलें, मोहिमा दूरदूर गेल्या, आणि हा भार सरकारला झेपेनासा झाला, तसे शिलेदार वाढले. मोहिमेच्या आरंभीं त्यांना ‘नालबंदी’ म्हणून कांहीं रक्कम आगाऊ मिळे. घोड्याला नाल ठोकून तो कूच करण्याजोगा करण्यासाठीं दिलेला पैसा, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. सरकारनें फक्त नालाचे पैसे आगाऊ द्यावे आणि बाकीचें भांडवल स्वारानें घालावें, हें त्या व्यवहाराचें स्वरूप त्या एका शब्दांत दिसतें.

आतां हिंगोलीकडे येऊं. १८०० सालच्या तहानें निजामानें इंग्रजांस असें वचन दिलें होतें कीं, युद्धप्रसंग आल्यास आपण सहा हजार पायदळ व नऊ हजार घोडदळ मदतीस देऊं. हें वचन युद्धापुरतें होतें. परंतु निजामाच्या फौजेची कवायत व शिस्त इंग्रजांच्या पसंतीस उतरेना, म्हणून हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल यानें इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं कवायती पलटणी उभ्या करविल्या, आणि १८१६ च्या सुमारास वऱ्हाडांतील घोडदळाचीहि अशीच सुधारणा करण्यांत आली. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त हें त्याचें निमित्त. १८१७ च्या महिदपूरच्या लढाईंत रसेलची पलटण इंग्रजांच्या बाजूनें लढली. १८१९ च्या जानेवारींत नौसाजी नाईक या हटकर पुढाऱ्याच्या नोव्हाच्या गढीला मेजर पिटमन यानें वेढा घातला, तो याच फौजेच्या बळावर. ही गढी हिंगोलीहून फार दूर नव्हती. युद्ध संपलें, पेंढारी संपले, पेशवाई संपली. पण निजामाच्या खर्चाची ही फौज मात्र कायम राहिली आणि तिच्या छावण्या मराठवाड्यांत व वऱ्हाडांत वसल्या.

या फौजेचें पायदळ व तोफखाना इंग्रजी पद्धतीचे असले तरी घोडदळ शिलेदारीच होतें, आणि त्याचा सगळा कारभार ‘असामी’ या एका शब्दाभोंवतीं फिरत असे. असामी हा शब्द आज आपण माणसाला लावतों. शिलेदारी घोडदळांत असामी म्हणजे एका स्वाराची जागा. अर्थात् एक घोडा, त्याचें सामान, आणि त्याबद्दल सरकारांतून दरमहा मिळणारा तनखा, यांचा एकत्र हक्क. ज्याची एकच असामी तो स्वतः घोड्यावर बसे. ज्याच्यापाशीं पांच, दहा किंवा अधिक असाम्या, तो आपल्या घोड्यांवर बारगीर बसवी, तनखा आपण उचली, बारगिराला ठरलेला पगार देई, आणि उरल्या पैशांत घोड्यांचा खर्च भागवून जें शिल्लक राहील तो आपला नफा समजे. असामी विकत घेतां येई, गहाण टाकतां येई, बापामागें मुलाकडे जाई. कित्येक घराणीं तिच्याकडे वतनासारखें पाहत. व्यापाऱ्याच्या भाषेंत बोलावयाचें तर अशा पागेचा धनी म्हणजे अनेक हिस्से हातीं धरून बसलेली एक छोटी मंडळीच होती, आणि तिचें गिऱ्हाईक एकच, तें म्हणजे सरकार.

या धंद्याचा जमाखर्च मांडून पाहिला म्हणजे त्यांतील खुबी आणि धोका हीं दोन्ही लक्षांत येतात. जमेच्या बाजूला एकच रकम, दरमहाचा तनखा. खर्चाच्या बाजूला बारगिराचा पगार, चंदी, गवत कापणाऱ्याची मजुरी, नालबंदी, खोगीर व लगाम यांची दुरुस्ती, सामान वाहणारें तट्टू, आणि या सर्वांच्या शेवटीं ज्याचा दिवस आधीं कळत नाहीं असा एक खर्च, तो म्हणजे बदली घोडा. प्रत्यक्ष लढाईंत घोडा मारला गेला तर सरकार कांहीं भरपाई देई; पण पोटशूळानें, लंगडेपणानें किंवा वयानें गेलेला घोडा हा मालकाचाच तोटा. १८५३ नंतर या फौजेचें घोडदळ दोन हजारांहून कमी असूं नये असें ठरलें होतें. एका घोड्याचें काम आठ-दहा वर्षें चाललें असें धरलें, तर अगदीं शांततेच्या काळांतहि दरसाल दोनशें ते अडीचशें बदली घोडे या मुलखांत कोणीतरी शोधावयाचे, पारखावयाचे, खरेदी करावयाचे आणि कवायतीला तयार करावयाचे, असा हिशेब होतो. दक्षिणेंत घोड्यांचा तुटवडा नव्हता. भीमथडीच्या तट्टांची कीर्ति जुनी आहे, अरबी घोडे मुंबईस उतरत, आणि आज नांदेड जिल्ह्यांत असलेल्या माळेगांवची खंडोबाची मार्गशीर्षांतील यात्रा घोड्यांच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहे. हीं दोनअडीचशें लहानमोठीं गिऱ्हाइकें परस्पर होत असल्यामुळें सरकारला त्याची दगदग नव्हती. ना खरेदीचें खातें, ना तबेल्यांचे कारकून. इंग्रज अंमलदारांना शिलेदारी आवडे ती यामुळेंच. सिंधमधील घोडदळाचा प्रसिद्ध सेनानी जॉन जेकब हा तर तिचा मोठा पुरस्कर्ता होता. स्वतःची मालमत्ता घोड्यांत गुंतलेला माणूस बेइमान होत नाहीं, असाहि एक युक्तिवाद तिच्या बाजूनें करीत.

पण या सगळ्या जमाखर्चाची मेख एका गोष्टींत होती. घोडा रोज खातो, मग तनखा येवो वा न येवो. तनखा दोन महिने थकला कीं शिलेदार सावकाराच्या दुकानीं जाई. चार महिने थकला कीं असामी गहाण पडे. आणि वर्ष थकलें कीं घोडा शिलेदाराच्या नांवावर पण सावकाराच्या मालकीचा, अशी अवस्था येई. म्हणून शिलेदारीचें खरें आरोग्य घोड्यांच्या बाजारावर नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या खजिन्यावर अवलंबून होतें. आणि हें गिऱ्हाईक, म्हणजे हैदराबादचें सरकार, त्या काळीं अत्यंत कर्जबाजारी होतें. १८०६ पासून १८४३ पर्यंत तेथील पेशकार चंदुलाल याच्या हातीं कारभार होता. मुलूख इजाऱ्यानें देऊन आगाऊ पैसा उभा करावयाचा, आणि इजारदारानें तो रयतेकडून सव्वाईनें वसूल करावयाचा, ही त्याची रीत.

या अडचणींतून एका खाजगी पेढीचा उदय झाला. ‘विल्यम पामर आणि कंपनी’ ही ती पेढी. नाना फडणिसांच्या मृत्यूच्या वेळीं पुण्यास रेसिडेंट असलेला जनरल पामर, त्याचा एका मुसलमान बेगमेपासून झालेला मुलगा म्हणजे हा विल्यम पामर. तो प्रथम निजामाच्या नोकरींत होता, पुढें त्यानें हैदराबादेस सावकारी व व्यापार सुरू केला. देशी राजांना युरोपियनांनीं परवानगीशिवाय कर्ज देऊं नये असा पार्लमेंटचा कायदा होता. परंतु १८१६ सालीं गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यानें या पेढीला त्यांतून सूट दिली. पेढीचा एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड याची बायको हेस्टिंग्जच्या आश्रयांत वाढलेली होती, ही गोष्ट पुढें फार चर्चिली गेली. १८१८ च्या सुमारास अशी व्यवस्था ठरली कीं, वऱ्हाड व औरंगाबाद या बाजूच्या फौजेच्या पगारासाठीं पेढीनें दरमहा दोन लाख रुपये पुरवावे, आणि त्याबद्दल निजामानें वर्षाला तीस लाखांचा महसूल पेढीस तोडून द्यावा. वर्षाला चोवीस लाख द्यावयाचे आणि तीस लाख वसूल करावयाचे, असा हा सौदा. त्यावर १८२० सालीं आणखी साठ लाखांचें कर्ज शेंकडा अठरा व्याजानें उभें राहिलें.

येथें न्याय दोन्ही बाजूंनीं केला पाहिजे. पामरच्या पैशामुळें छावण्यांतील पगार वेळेवर होऊं लागले, शिलेदाराच्या घोड्याला चंदी वेळेवर मिळाली, सावकाराच्या दारीं जाण्याची पाळी कमी झाली. फौजेच्या दृष्टीनें पेढीनें उत्तम काम केलें. परंतु त्या कामाची किंमत वऱ्हाडच्या कुणब्यानें भरली, आणि ती कोणत्याहि हिशेबांत दाखविली गेली नाहीं. १८२० च्या अखेरीस रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफ यानें मुलखाची दैना पाहिली, पेढीचा व्यवहार तपासला आणि त्याविरुद्ध कलकत्त्यास लिहिण्याचें धैर्य दाखविलें. शेवटीं १८२३ सालीं उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामाला दरसाल सात लाखांची पेशकश देत असे, तिच्याबद्दल एकदम एक कोटी सोळा लाखांवर रक्कम देऊन पामरचें कर्ज फेडण्यांत आलें. निजामाचें कायमचें उत्पन्न गेलें आणि लौकरच पेढीहि बुडाली. एकाच गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा त्या गिऱ्हाइकाबरोबरच कोसळतो, याचें हें उत्तम उदाहरण होय.

फौज मात्र तशीच राहिली व तिचा वार्षिक खर्च चाळीस लाखांच्या घरांत गेला. चंदुलाल कारभारांतून गेल्यावर पगार पुन्हां थकूं लागले, तेव्हां इंग्रज सरकार आपल्या खजिन्यांतून ते भागवूं लागलें आणि ती रक्कम निजामाच्या नांवें लिहूं लागलें. मध्यंतरी कांहीं फेड झाली, तरी १८५३ पर्यंत देणें पुन्हां पंचेचाळीस लाखांच्या वर गेलें. त्या वर्षाच्या मे महिन्यांत लॉर्ड डलहौसीच्या सरकारनें निजामाकडून तह करवून घेतला, आणि फौजेच्या खर्चाच्या तारणादाखल वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव-नळदुर्गाकडील मुलूख आपल्या ताब्यांत घेतला. १८०० च्या तहांत बांधलेली मदत युद्धापुरती होती, शांततेंत अशी फौज पोसण्याचें बंधन निजामावर नव्हतें, ही गोष्ट खुद्द डलहौसीच्याहि ध्यानांत आली होती. तरी तह झालाच. वऱ्हाडच्या कापसाचा मोह त्यामागें होता हें खरें. परंतु कागदोपत्रीं कारण पाहिलें तर तें थकलेल्या पगाराचेंच आहे. १८६० सालीं रायचूर व नळदुर्ग परत मिळाले आणि पन्नास लाखांचें कर्ज सोडून देण्यांत आलें. वऱ्हाड मात्र गेलें तें गेलेंच. १९०२ सालीं तें वर्षाला पंचवीस लाखांच्या पट्ट्यानें कायमचें इंग्रजांकडे राहिलें.

१८५३ नंतर पगार नियमित झाले आणि हिंगोलीच्या शिलेदारीला चांगले दिवस आले. तरी तिचें रूप हळूहळू पालटत होतें. १८५७ नंतर हिंदुस्थानच्या घोडदळांत सर्वत्रच अनेक असाम्या एका हातीं राहूं देण्याची चाल मागें पडली व ज्याचा घोडा त्यानेंच बसावें असें धोरण आलें. घोडा मेल्यास तोटा एकट्या स्वाराच्या अंगावर पडूं नये म्हणून ‘चंदा’ काढण्यांत आला. प्रत्येक स्वार दरमहा कांहीं रक्कम पथकाच्या फंडांत भरी, आणि ज्याचा घोडा पडे त्याला त्या फंडांतून बदली घोडा मिळे. नवा स्वार भरती होतांना असामीची रक्कम ठेव म्हणून आणी आणि नोकरी सोडतांना ती परत घेई. सरकार फक्त बंदूक व दारूगोळा देई. १९०० च्या सुमारास पायदळांतील शिपायाला दरमहा नऊ रुपये, तर शिलेदार स्वाराला एकतीस रुपये मिळत. हा फरक पाहून स्वाराचा हेवा वाटेल. पण त्या एकतिसांत घोड्याचें पोट, दोघां स्वारांत मिळून असलेलें एक तट्टू, गवत कापणारा आणि चंदा हीं सारीं येत. पूर्वीं पागेचा धनी जी जोखीम एकटा उचली, ती आतां शेंकडों स्वारांत वांटली गेली. ही सुधारणा खरोखर शहाणपणाची होती आणि शांततेच्या काळांत ती उत्तम चालली.

१९०३ सालीं कंटिन्जंट हें वेगळें सैन्य राहिलें नाहीं. त्याचीं तीन घोडदळ पथकें हिंदुस्थानच्या सैन्यांत विसावें, एकोणतिसावें व तिसावें या क्रमांकांनीं गेलीं, आणि हिंगोलीची छावणी उठली. अकरा वर्षांनीं पहिलें महायुद्ध सुरू झालें व हीं तिन्ही पथकें फ्रान्सला गेलीं. १४ जुलै १९१६ रोजीं सोमच्या लढाईंत उंच रानाजवळ विसाव्या पथकानें, म्हणजे डेक्कन हॉर्सनें, भाले घेऊन केलेला हल्ला प्रसिद्ध आहे. स्वारांनीं कसूर केली नाहीं. मोडली ती शिलेदारी. चंदा हा हजारांतले पांच-पन्नास घोडे पडतील या हिशेबानें बांधलेला होता. युद्धांत घोडे, माणसें, खोगिरें हीं सगळीं एकदम आणि अखंड लागूं लागलीं. प्रत्येक पथकाचें सामान वेगळ्या नमुन्याचें, खरेदी वेगळी, मागें घरीं ठेवलेला सांठा तुटपुंजा. त्यामुळें एका पथकाची उणीव दुसऱ्या पथकांतून भरून काढतां काढतां दोन्ही लंगडीं होऊं लागलीं. अखेर सरकारला घोडे स्वतःच पुरवावे लागले. १९२१ सालीं शिलेदारी पद्धत बंद करण्यांत आली. एकोणचाळीस घोडदळ पथकांची एकवीस झालीं, आणि विसावें व एकोणतिसावें यांचें मिळून आजचें डेक्कन हॉर्स बनलें. तात्पर्य, अडीचशें वर्षांपूर्वीं शिवाजी महाराजांनीं पागेच्या बाजूनें जो कौल दिला होता, तोच एका साम्राज्याला फार मोठी किंमत देऊन मान्य करावा लागला.

म्हणून शिलेदारी वाईट होती असें आम्ही म्हणत नाहीं. हजारों सामान्य घरांना तिनें अब्रूची भाकरी दिली. घोड्याची पारख, दाण्याचा हिशेब आणि शब्दाची पत हे गुण तिनें जोपासले. आणि सुटा सुटा घोडा बदलण्याचें काम तिच्याइतक्या थोड्या खर्चांत दुसऱ्या कोणास साधलें नसतें. तिचा दोष तिच्या अंगचा नव्हता. सरकारनें तोट्याची बाजू खाजगी माणसाच्या पदरांत टाकली आणि आपला खर्च कमी झाला असें मानलें, हा तो दोष. खर्च कमी झाला नव्हता. तो फक्त सरकारच्या वहींतून शिलेदाराच्या वहींत, तेथून सावकाराच्या वहींत, आणि तेथून कुणब्याच्या शेतांत गेला होता.

डेक्कन हॉर्स आतां रणगाड्यांचें पथक आहे. १९६५ सालीं असल उत्तरच्या लढाईंत तें शर्मन रणगाड्यांसह लढलें. रणगाड्याला चंदी लागत नाहीं, पण झिजलेला पट्टा आणि तुटलेला दांता बदलावा लागतोच. सरकारला असे सुटे भाग पुरविणाऱ्या लहान पेढ्या आज देशभर आहेत, आणि त्यांचें दुखणें शिलेदाराच्या दुखण्याहून फार निराळें नाहीं. माल आज द्यावयाचा, कामगारांचा पगार महिन्याला करावयाचा, आणि बिलाची वाट पाहत बसावयाचें. लहान उद्योगांचें देणें पंचेचाळीस दिवसांपलीकडे ठेवूं नये, असें २००६ च्या कायद्यानें ठरविलें आहे. कायदा चांगला आहे. तो कागदावर न राहतां पाळला जावा अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनीं वऱ्हाडचा इतिहास एकवार या दृष्टीनें वाचून पाहावा.